मुलीचा मामा

माझी भाची मला मामा म्हणते, त्याला माझी हरकत नाही. पण रिक्षावाल्याने, भाजीवालीने किंवा ऑफिसातल्या शिपायाने सहज 'मामा' अशी हाक मारली की आजही माझी मान ताठ होते. बायको म्हणते, एवढ्या साध्या हाकेत काय आहे? शब्द साधाच आहे. मला तो माझ्या पहिल्या साहेबांनी लावला, आणि लावला तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. दुखणं आहे ते तिथे.

मी याद्या करून जगणारा माणूस आहे. सकाळचा चहा संपायच्या आत दिवसाची कामं कागदावर उतरलेली असतात. साहेबांबद्दल लिहायला बसलो तेव्हाही सवयीने मुद्दे काढले: पेहराव, खाणंपिणं, बोलणं, स्वभाव. 'स्वभाव'च्या पुढे पेन अडकलं. तेव्हा यादी फाडली. आठवेल तसं सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो. वर्गातल्या हुशार मुलांना पिंपरीकडच्या मोठ्या कारखान्यांत जागा मिळाल्या. मला पिरंगुटच्या एका लहान कारखान्याचं पत्र आलं. पद होतं 'सेल्स इंजिनिअर'. वडिलांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे विकायचं की बनवायचं?"

"समजावून सांगायचं," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

कारखाना भात भरडायच्या मशिनी बनवायचा. भरे गावाच्या रस्त्याला पत्र्याची शेड, पुढे दोन खोल्यांचं ऑफिस, मागे ओढा. तेव्हा मुळशीतल्या बहुतेक गिरण्यांत जुने लोखंडी हलर होते. ते भात रगडून काढायचे आणि तांदळाबरोबर कणीही पोत्याने पडायची. आमच्या मशिनीत रबराचे दोन रूळ होते, एक जलद फिरणारा आणि एक सावकाश. भात त्यांच्यामधून गेलं की टरफल सुटायचं आणि दाणा अख्खा राहायचा. निदान माहितीपत्रकात तसं छापलेलं होतं.

मुलाखत साहेबांनीच घेतली. ते विक्रीचे प्रमुख. मालक मुंबईला असायचे, त्यामुळे पिरंगुटात साहेब म्हणजेच कंपनी. पन्नाशी ओलांडलेले, ठेंगणे, पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पायात कोल्हापुरी वहाणा. त्यांनी माझ्या मार्कशीटकडे पाहिलंही नाही.

"बहिणी किती?"

"एक."

"लग्न झालं तिचं?"

"नाही. शिकतेय अजून."

"मग तुला कळेल. सोमवारपासून ये."

काय कळेल, ते सोमवारी जीपमध्ये समजलं. "एक गोष्ट डोक्यात घट्ट बसव," साहेब म्हणाले. "आपण मशीन विकत नाही. आपण मुलगी देतो."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. कंपनीचा सगळा कारभार त्यांनी त्या भाषेत बसवला होता. गिऱ्हाईक म्हणजे मुलाकडचे. कोटेशन म्हणजे पत्रिका. गिऱ्हाईक शेडमध्ये मशीन बघायला यायचं, तो बघण्याचा कार्यक्रम. ऑर्डर मिळाली की सुपारी फुटली. आणि मशीन ट्रकवर चढली की पाठवणी. पाठवणीला ते खरोखर मशिनीला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे, आणि ट्रक फाटकातून बाहेर पडताना त्यांचे डोळे भरून यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते नाटक वाटलं. पुढे कळलं की नाटक नाही, रडू खरं असायचं. तेव्हापासून मला त्यांची भीती वाटायला लागली. खोटं रडणाऱ्या माणसाला आपण काही विचारू तरी शकतो.

"आणि यात मी कोण?" मी त्या पहिल्या दिवशी विचारलं.

"तू मामा. मुलीचा मामा. बोहल्यावर तिच्या मागे उभा राहतो तो. आपणहून बोलायचं नाही. मी विचारलं तर तेवढं सांगायचं, आणि खरं सांगायचं."

खरं सांगायचं! नव्या इंजिनिअरला यापेक्षा जास्त काय हवं असतं? कॉलेजातले मित्र म्हणायचे, सेल्स म्हणजे थापा. मी त्यांना अभिमानाने सांगायचो, आमच्याकडे नाही.

जीपमध्ये मी 'तू' असायचो. गिऱ्हाईकासमोर एकदम 'तुम्ही' व्हायचो. साहेब बोलता बोलता मध्येच थांबायचे, माझ्याकडे वळायचे आणि अदबीने म्हणायचे, "काय मामा, तुम्ही इंजिनिअर. तुम्हीच सांगा, होईल ना?" मी घसा साफ करून सांगायचो. गिऱ्हाईक साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघायचं. स्वतः साहेब मशिनीबद्दल एकही तांत्रिक शब्द उच्चारत नसत. आश्वासन देत नसत. मी हे नोकरीला लागल्या लागल्या पाहिलं होतं. मला तो त्यांचा विनय वाटला.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हा गमतीच्या होत्या, आणि काही आजही माझ्या अंगात आहेत. खिशात दोन रुमाल: एक स्वतःच्या घामाचा, दुसरा गिऱ्हाईकाच्या मशिनीवरची धूळ पुसायचा. गिरणीत शिरताना वहाणा दाराशी काढायच्या आणि आत जी मशीन असेल तिला नमस्कार करायचा, मग ती आमच्या स्पर्धकाची का असेना. "तीही कुणाची तरी लेक आहे." ऑर्डर मिळेपर्यंत गिऱ्हाईकाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. उन्हातान्हात घसा कोरडा पडला तरी आपल्या थर्मासमधला घोट घ्यायचा. "पाणी प्यालो की मिंधे झालो." ऑर्डर मिळाली की मात्र तिथेच मांडी ठोकून दोन-दोन कप चहा. चालत्या पट्ट्याच्या समोर कधी उभं राहायचं नाही, बाजूने जायचं, हे मला कॉलेजने शिकवलं नव्हतं, त्यांनी दंडाला धरून शिकवलं. एकदा माझ्या शर्टाची बाही पट्ट्यात जाता जाता वाचली ती त्यांच्यामुळे. हे लिहायलाच हवं.

आणि भात. शेडच्या कोपऱ्यात साहेबांच्या स्वतःच्या भाताची पोती असायची. जाड, टणक दाण्याचं, नीट वाळवलेलं भात. बघण्याच्या कार्यक्रमाला तेच भरडायचं. गिऱ्हाईकाने आणलेल्या भाताला साहेब हात लावू देत नसत.

"का?" मी एकदा जीपमध्ये विचारलं होतं.

"बघायला आल्यावर पोहे कोण करतं? मुलीकडचे. पाहुणे पोहे घरून बांधून आणतात का?"

जीपचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसला होता. मीही हसलो होतो.

असाच हसत मी त्यांचा दुसरा नियमही ऐकला. भोरकडचा एक गिरणीवाला तक्रार घेऊन आला होता: मशीन घेऊन वर्ष झालं नाही तोवर रूळ थरथरायला लागले. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. मग त्याचा हात हातात घेतला.

"लेक तुमच्या घरी दिली. आता तिथल्या संसारात आम्ही लक्ष घालणं बरं दिसतं का? माहेरची माणसं सारखी जाऊन बसली की मुलगी नांदत नाही. थोडं तुम्ही सांभाळून घ्या, थोडं ती घेईल."

तो माणूस खुदकन हसला, नमस्कार करून गेला. बसथांब्यावर पोचल्यावर त्याला कळलं असेल की आपण रिकाम्या हाताने परत चाललोय.

मी मधल्या काळात माझ्या परीने अभ्यास करत होतो. मुळशीत सगळ्यात मोलाचं भात म्हणजे आंबेमोहोर, आणि आमच्या शेडमध्ये ते कधी भरडलं जात नव्हतं. मी पिरंगुटच्या एका ओळखीच्या घरून पायलीभर आणलं आणि दुपारी शेड रिकामी असताना मशिनीत सोडलं. अर्धा तांदूळ तुटला. आखूड, नाजूक दाणा, त्याला आमच्या रुळांचा वेग सोसत नव्हता. मग दुसऱ्या मशिनीची लहान पुली आणून मोटरवर बसवली. पट्ट्याचं चाक, तेवढंच. रूळ सावकाश फिरले आणि दाणा अख्खा बाहेर आला. मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं.

"छान," ते म्हणाले. "लक्षात ठेव."

लक्षात मात्र त्यांनीच नीट ठेवलं, आणि पौडच्या गिऱ्हाईकापुढे वापरलंही.

पौडला एसटी स्टँडच्या मागे एक भातगिरणी होती. मालकांना सगळा तालुका चाचा म्हणायचा. बापजाद्यांपासून पौडातले, पेठेत दुकान, थोडी शेती आणि ही गिरणी. गिरणी मजुरीची होती. लोक घरचं भात आणायचे, भरडून तांदूळ घरी न्यायचे. चाचा बघण्याच्या कार्यक्रमाला एकटेच आले, काखेत कापडी पिशवी.

साहेबांनी आपल्या पोत्याकडे हात केला. चाचांनी मान हलवली.

"ते ऱ्हाऊ द्या साहेब. तुमचं भात तुमच्या मशिनीचं ऐकणारच. ह्यो आंबेमोहोर हाय, माझ्या गिऱ्हाईकाचा. ह्ये घाला."

"चाचा, मुलगी बघायला आलात की परीक्षा घ्यायला?"

"बघायलाच आलोय. पर चालून दाखीव म्हनलं तर चालाय नको का तिनं?"

शेडमधले कामगार हसले. साहेबही हसले, आणि माझ्याकडे वळले. "काय मामा? तुम्ही इंजिनिअर. आंबेमोहोर चालेल ना?"

मी सांगितलं. आहे तशी चालणार नाही, कणी पडेल. मोटरची पुली बदलून वेग कमी करावा लागेल, तशी पुली आज शेडमध्ये नाही, करून बसवावी लागेल. मग चालेल, मी स्वतः करून पाहिलंय.

कामगार साहेबांकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं, पहिली नोकरी संपली. चाचा माझ्याकडे टक लावून बघत होते.

साहेबांनी टाळी वाजवली. "बघितलंत चाचा? आमचा मामा कसा आहे? मुलीत काय उणं आहे ते मुलीकडच्याने तोंडावर सांगितलं! असं घर कुठे मिळेल तुम्हाला?"

चाचांनी पिशवीची गाठ पुन्हा आवळली. "लोकांचं वरीसभराचं खानं माझ्या हातात असतं, साहेब. कनी पडली तर त्येंच्या ताटात पडती. म्हनून इचारलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी पुली बसवनार?"

"हो."

"मग ही पिशवी आज सोडत न्हाई. पुली बसल्यावं तुमच्या हातानंच सोडू." आणि साहेबांना म्हणाले, "ह्या पोराकडं बघून घेतो."

परत येताना साहेबांनी पिरंगुटच्या चौकात जीप थांबवून मला भजी खायला घातली. "मामा," ते म्हणाले, "शंभर हो म्हणून जे होत नाही, ते एका नाहीने होतं. हे तुला आपोआप येतं. सांभाळ." मी भजी खाल्ली. फार चविष्ट होती.

पुलीचं माप लिहून मी कारखान्यात दिलं, त्यावर साहेबांची सही लागणार होती. लगेच त्यांनी मला कोकणात फिरतीवर पाठवलं. परत आलो तोवर पौडची पाठवणी होऊन गेली होती.

"पुली?"

"मागाहून."

हा 'मागाहून' दिवाळीनंतरही चालूच राहिला. शेतात भात झोडून झालं, गिरण्यांचा हंगाम सुरू झाला. पौडच्या बसच्या कंडक्टरकडून चाचांचे निरोप यायला लागले. पहिला निरोप: मामांना सवड झाली की या म्हणावं. नंतरचा: कणी लई पडतीय, लवकर या. नंतरचा फक्त: या.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, एका दिवसाचं काम आहे, सही द्या. नाहीतर चाचांना माप तरी कळवू, ते पौडात कुठेही कातून घेतील. साहेबांनी रुमालाने टेबल पुसलं.

"आज पौडला पुली दिली की उद्या घोटवड्याची गिरणी मागेल, परवा माल्याची. आणि माप कळवायचं? आपली लेक परक्या वैद्याला दाखवायची? मी त्यांना बजावून ठेवलंय, आमच्या मामाशिवाय कुणी हात लावला तर मग आमची जबाबदारी नाही."

म्हणजे चाचा थांबले होते ते माझ्यासाठी. एक साधं चाक, कुठल्याही लेथवर झालं असतं. पण इंजिनिअर येतो म्हणालाय, म्हणून माणूस भर हंगामात वाट बघत होता.

"साहेब, मी शब्द दिलाय."

"दिलास ना? मग झालं तर. लेक सासरी गेली, मामा. आता आपण तिकडे फिरकायचं नाही."

मला दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या फिरतीवर काढलं. तिथे असतानाच ती गोष्ट घडली. ती मला पिरंगुटला आल्यावर ड्रायव्हरने सांगितली. मुळा नदीच्या पलीकडच्या एका गावात लग्नाचा स्वयंपाक पौडला भरडलेल्या आंबेमोहोराचा होता. निम्मी कणी. भात शिजून लापशी झाली. पंगतीत कुणीतरी ओरडून विचारलं, तांदूळ कुठल्या गिरणीचा? आणि भरल्या मांडवात चाचांचं नाव घेतलं गेलं. त्यानंतर बैलगाड्या पौडच्या गिरणीवरून तशाच पुढे जायला लागल्या.

साहेबांना मुलगी नव्हती, हे सांगायचं राहिलं. तीन मुलगे. थोरल्याचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं आणि पूजेला ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांना कोथरूडच्या घरी बोलावणं होतं. नवी सून शिऱ्याचे द्रोण घेऊन फिरत होती. तिचे वडील, साताऱ्याकडचे शाळामास्तर, कोपऱ्यात सतरंजीच्या कडेला बसले होते. हॉलमध्ये त्यांनी दिलेला फ्रीज उभा होता, अंगावरचं प्लास्टिक अजून तसंच.

"बर्फ होत नाही," साहेब त्यांना म्हणाले.

"असं? मी दुकानदाराला कळवतो. उद्याच माणूस पाठवायला सांगतो."

"माणूस कशाला? तुम्ही या. तुम्ही दिलाय, तुम्ही बघायला नको? मागे ते कपाटाचं दारही तसंच. व्याही, मुलगी दिली म्हणजे सुटलो असं धरून चालायचं नाही. जबाबदारी आता सुरू झाली."

मास्तर "हो, हो" म्हणत राहिले. सून दारात थांबली होती, द्रोणांचं ताट हातात तसंच. आवाज चढलेला नव्हता, हसतमुखाने चाललं होतं सगळं. आणि मग साहेबांनी सवयीने, केवळ सवयीने, माझ्याकडे मान वळवली.

"काय मामा? तुम्ही सांगा. मुलगी दिली की जबाबदारी संपते का?"

"नाही संपत, साहेब," मी म्हणालो. "मग पौडची पुली उद्या घेऊन जाऊ का?"

ऑफिसातल्या माणसांनी द्रोणात डोकी घातली. मास्तरांना काही कळलं नाही, पण आपल्या बाजूने कुणीतरी काहीतरी बोललं एवढं कळलं असावं, त्यांनी मान वर केली. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी चिडतील. मी तयारीत होतो. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच बोललो होतो.

ते हसले. उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि मास्तरांना म्हणाले, "बघितलंत? हा आमचा मामा. खरं बोलायला माझ्या बापाला घाबरत नाही. म्हणून तर ठेवलाय त्याला! सूनबाई, मामांना अजून शिरा वाढा."

तिने वाढला. वाढताना माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी माझ्या टेबलावर भंडाऱ्याच्या बदलीचा कागद होता. तोंडी पुस्ती अशी की तिकडे भाताचाच मुलूख आहे, खरं बोलणारा माणूस हवा.

मी राजीनामा लिहिला, पण दिला नाही. आधी एक काम उरलं होतं. पुण्यात नाना पेठेतल्या एका लेथवाल्याकडून पुली कातून घेतली आणि पौडची एसटी धरली.

गिरणीत जुना हलर चालू होता, तोही एका बाईच्या पाटीभर भातावर. आमची मशीन भिंतीशी, गोणपाटाखाली. चाचांनी मला ओळखलं, हलर बंद केला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"या मामा."

मी पिशवीतून पुली काढली. उशीर झाला म्हणालो. पुली हातात घेऊन चाचांनी फिरवून पाहिली.

"एवढीशीच व्हय?"

"एवढीच."

"बसवा मग. तुमच्याच हातानं बसवायचं ठरलं व्हतं."

मी बसवली. पट्टा चढवला, रुळांमधलं अंतर बघितलं. चाचा आत जाऊन ती कापडी पिशवी घेऊन आले. गाठ तशीच होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी गाठ सोडली आणि भात ओतलं.

दाणा अख्खा पडला. एकसारखा, आणि गिरणीत आंबेमोहोराचा वास भरला. भरडायला बसलेली बाई उठून जवळ आली, मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन म्हणाली, "अगं बया, आन् ह्ये मशीन झाकून ठिवलंय व्हय?" मग आपली पाटी उचलून हलरजवळच जाऊन बसली. तिने पंगतीचं ऐकलं असणार.

चाचांनी मशीन बंद केली. मूठ नाकाशी धरली.

"पोरगी चांगली हाय की ओ."

"चाचा, मी सांगितलं होतं त्यांना. सही मिळाली नाही..."

"तुमी कशाला सांगताय? मला ठाव हाय. तुमी खरंच बोलला व्हता." त्यांनी तांदूळ परत सुपात सोडला. "तुमच्या साहेबावर कुटं म्या इस्वास ठेवला? त्यो मानूस बोलाया लागला तवाच मी पिशवी उचलून चाललो व्हतो. तुमी खोटं बोलला असता ना मामा, तर म्या घेतलीच नसती."

मी पाना पुसून पिशवीत ठेवला.

निघताना त्यांनी तो सगळा तांदूळ कागदात बांधून माझ्या हातात ठेवला. मी नको म्हणालो. "न्या," ते म्हणाले. "हितं आता कोन बघनार त्येला?"

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा द्यायला साहेबांच्या खोलीत गेलो. राजीनाम्यावर तांदळाचा पुडा ठेवला आणि उघडला. मला त्यांना दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं, कुणास ठाऊक. वीस-बावीस वर्षांच्या माणसाला वाटतं, अख्खा दाणा समोर ठेवला की समोरचा मान खाली घालेल.

साहेबांनी चिमूटभर तांदूळ उचलला, उजेडाकडे धरला, हुंगला. त्यांचा चेहरा फुलला.

"कुठल्या गिरणीचा?"

"पौडच्या. आपल्या मशिनीवरचा. काल मी जाऊन पुली बसवली."

त्यांचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले. "नांदली!" ते म्हणाले. "मी सांगत नव्हतो तुला, मामा? थोडं थांबावं लागतं. पोरगी नांदली!"

राजीनामा त्यांनी न वाचता बाजूला ठेवला, माझ्या मार्कशीटसारखाच. पुडा मात्र नीट दुमडला आणि कपाटात ठेवला.

पुढे मी दुसरीकडे लागलो, विक्रीत नाही. काही वर्षांनी त्या जीपचा ड्रायव्हर मला स्वारगेटला भेटला. साहेब कसे आहेत, मी विचारलं. मजेत, म्हणाला. आता शेडमध्ये काचेची बरणी ठेवलीय त्यांनी, आंबेमोहोराची. बघण्याच्या कार्यक्रमाला पाहुण्यांना हुंगायला देतात. म्हणतात, पौडच्या चाचांच्या गिरणीचा तांदूळ आहे, आमच्याच लेकीच्या हातचा. विश्वास नसेल तर इंजिनिअरला विचारा.

"आणि मग?"

"मग काय," ड्रायव्हर म्हणाला, "नवीन पोरगा असतो शेजारी उभा. त्याच्याकडं वळतात अन् म्हणतात, काय मामा?"